पाठमोरा

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधाल, शोधलात तर बघाल, आणि बघितलात तर गेलेल्या दोन तासांचा हिशेब माझ्याकडे मागाल. शिवाय ती मंडळी आमच्या गावचं पाणी प्यायलेली आहेत. तीन दिवस त्यांनी आमच्या जेटीवर शूटिंग केलं, आमच्या वहिनींच्या हातचे पोहे खाल्ले, जाताना कोकमाच्या बाटल्याही नेल्या. अशांची नाव घेऊन नालस्ती करणं बरं दिसत नाही. नाव न घेता करतो.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालं की मध्येच एक रस्ता उजवीकडे खाडीवर उतरतो, तिथे आमची जेटी. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तीन टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक जनरेटरची गाडी तिथे येऊन उभी राहिली. सिनेमाची गोष्ट गोव्यात घडत होती. गोवा आम्हाला काही लांब नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की केरी, आणि तेरेखोलचा किल्ला तर खाडीच्या अलीकडे, आमच्या अंगाला असूनही गोव्याचाच. पण गोव्यात शूटिंग करायचं म्हणजे भाडी गोव्याची आणि गर्दीही गोव्याची. तेव्हा आमचा गाव तीन दिवसांपुरता गोवा झाला.

ते कसं झालं ते मी उभा राहून बघितलं. एका दाढीवाल्या पोराने जेटीच्या तोंडावर बारची पाटी ठोकली. मासळीच्या लिलावाची शेड निळी रंगवली, तीही फक्त कॅमेऱ्याकडची बाजू. आमच्या पोरांच्या मोटारसायकली मागून घेतल्या आणि नंबर प्लेटवरचे एमएच ०७ झाकून वर जीएचे छापील कागद चिकटवले. एका गाडीवरचा कागद खारं वारं लागून सुटला. पोरगा म्हणाला, राहू दे, कोण बघतंय.

कोण बघतंय म्हणजे काय, आख्खा गाव बघणार होता. फक्त त्याला दीड वर्ष लागलं. सिनेमा थिएटरात लागलाच नाही. कुठल्याशा ॲपवर तो गुपचूप येऊन पडला आणि मुंबईतल्या एका भाच्याने कळवलं तेव्हा आम्हाला पत्ता लागला. महिना जुलैचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली, जाळी मांगरात, आणि पुरुषमाणसं घरात म्हणजे बायकांच्या पायात. दादाकडे, म्हणजे माझ्या आतेभावाकडे, हप्त्यावर घेतलेला मोठा टीव्ही होता. रविवारी दुपारी जेवणं आटोपून पंचवीसेक माणसं त्याच्या पडवीत आणि माजघरात दाटीवाटीने बसली. बाहेर पाऊस असा की मध्येच आवाज वाढवावा लागायचा.

पहिली पंधरा मिनिटं कोणी सिनेमा बघितलाच नाही.

"ती बघ आमची होडी!"

"मागे थय कोण उभो आसा?"

"तो मी. माका हाकलल्यानी नंतर."

पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या डोक्याला पिस्तूल लावून होता आणि आमच्या घरात सगळ्यांची नजर पिस्तुलाच्या पलीकडे, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर. चादर कोणाची यावर दोन घरांत मतभेद झाले. एमएच ०७ वाली गाडी आली तेव्हा शिट्टी पडली. ती वीरगती पावलेल्या सैनिकाला द्यावी तशी मानवंदना होती, कारण त्या फ्रेममध्ये खरं बोलणारी ती एकटीच होती.

मग दहशतीचा प्रसंग आला. गुंडांचा म्होरक्या आणि नायक जेटीच्या टोकाला समोरासमोर उभे राहून बोलतात. म्होरक्या बोलतो तेव्हा त्याच्यामागे खाडी काठोकाठ भरलेली. नायक उत्तर देतो तेव्हा त्याच्यामागे चिखल, उघडे पडलेले खडक, खडकांना चिकटलेली कालवं. परत म्होरक्या, परत भरती. परत नायक, परत सुकती. झालं होतं असं की मोठ्या नटाच्या वाक्यांचं चित्रण सकाळी उरकलं आणि नायकाच्या वाक्यांना दुपार झाली. भरती आणि सुकती यांच्यात सहा तासांचं अंतर असतं हे जेटीवरच्या कुठल्याही शेंबड्या पोराने त्यांना सांगितलं असतं. पण विचारतो कोण. माझ्या शेजारी बसलेले भाऊकाका, सत्तरी उलटलेली, सगळी हयात रापणीवर गेलेली. ते गंभीरपणे म्हणाले, "दोगांय उभ्याउभ्या सा तास बोलतत. पाय दुकाक नाय?"

गोळीबाराचं तर विचारूच नका. शूटिंगच्या वेळी खऱ्या आवाजाची काडतुसंसुद्धा नव्हती. नट हात झटकायचे आणि सहायक दिग्दर्शक लांबून तोंडाने "ठो! ठो!" ओरडायचा. ज्वाळा आणि आवाज नंतर संगणकावर चढवणार होते. चढवलेही. पण मागच्या माडावरच्या कावळ्यांना काही चढवता आलं नाही. पडद्यावर कान बधिर करणारे धडाके होतात, माणसं उलटीपालटी होतात, आणि माडाच्या झापावर चार कावळे पिसं साफ करत बसलेले. आमच्याकडे साधा सुतळी बॉम्ब फुटला तरी घटकाभर कावळे खाली उतरत नाहीत. गावातली पोरं अजूनही भांडताना एकमेकांवर हात रोखून "ठो! ठो!" करतात. त्या सिनेमाने आमच्या गावाला दिलेली ती एकमेव टिकाऊ गोष्ट.

पैसे कमी होते हा मी दोष धरत नाही. अमिताभचा 'डॉन' घ्या, १९७८ चा. निर्माते नरिमन इराणी पेशाने छायालेखक, आधीच्या एका पडेल सिनेमाच्या कर्जात बुडालेले. ते कर्ज फिटावं म्हणून मित्रांनी मिळून 'डॉन'चा घाट घातला, आणि तो पुरा व्हायच्या आधीच इराणी गेले. पैशांची बोंब तिथेही होतीच. पण चंद्रा बारोट यांच्या हातात सलीम-जावेदची कथा होती, आणि त्या कथेत एक जागा अशी आहे की पोटात खड्डा पडतो. विजय हा डॉन नाही हे जगात एकाच माणसाला ठाऊक असतं, त्या पोलीस अधिकाऱ्याला. आणि तोच मरतो. त्यापुढे मारामारी कशीही असो, आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आमच्या सिनेमाचीही गोष्ट तीच, ओळख चुकण्याची. मुंबईचा एक विमा एजंट सुट्टीला म्हणून 'गोव्याला' येतो. त्याच दिवशी एक सुपारी घेणारा मारेकरी तिथे येणार असतो, त्याला कोणी पाहिलेलं नसतं, आणि दोघांची काळी बॅग सारखीच. बस, एवढ्यावर गुंड याला तो समजतात. पोलीसही समजतात. एक मुलगीही समजते आणि त्याच्या प्रेमात पडते. तो दोनदा सांगतो, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय", आणि मग दिग्दर्शकाने सांगितल्यासारखा गप्प बसतो. अर्ध्या तासात त्याला पिस्तूलही चालवता येऊ लागतं. विम्याचा अर्ज भरता भरता शिकला असावा.

त्याच्या खिशात फोन होता. दिसत होता. पाठीमागून वहिनी न राहवून म्हणाल्या, "अरे मेल्या, घराक एक फोन कर मरे!"

मला हे वाक्य अजून आठवतं, कारण सिनेमाचं दुखणं नेमकं तिथे होतं. त्याला घरच नव्हतं. आई नाही, बायको नाही, कचेरीतला सहकारी नाही, उधारी थकलेला पानवालासुद्धा नाही. दोन तासांत त्याला कोणी म्हणून नावाने हाक मारत नाही. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याची ओळख चुकली काय आणि बरोबर असली काय, आपल्याला त्याचं सोयरसुतक वाटायचं कशाला? तो विमा एजंट होता हे आम्ही त्याने सांगितलं म्हणून मानलं. तो मारेकरी आहे असं गुंडांनी सांगितलं असतं तर तेही मानलं असतं.

एवढ्यात लाईट गेली.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते म्हणजे येण्याची वेळ सांगून जात नाही. वहिनींनी कंदील आणला, चहा टाकला. काळोखात मध्यंतर झालं. आणि भाऊकाका मला म्हणाले, "तुझ्या बापाशीचा झाला तसाच ह्या. पण तेंका पिस्तूल नाय लागला."

मी तेव्हा नववीत होतो. आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. एके दिवशी पोस्टमनने लांबट पाकीट आणून दिलं. एका पतसंस्थेची नोटीस होती. होडीच्या इंजिनासाठी घेतलेलं कर्ज व्याजासह थकलं आहे, पंधरा दिवसांत न भरल्यास जप्ती. वडिलांना तरीतून पलीकडे जायचं म्हटलं तरी ओकारी यायची. होडीचं इंजिन त्यांनी कधी हातही लावून बघितलं नसेल. पण पाकिटावरचं नाव त्यांचं, वडिलांचं नाव म्हणजे आमच्या आजोबांचं नावही तेच, आणि आडनावही तेच.

आमच्याकडे याचं नवल नाही. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, आडनावं गावोगाव तीच ती. त्यामुळे नुसत्या नावाने माणूस सापडतच नाही. तो वाडीवरून सापडतो, धंद्यावरून सापडतो, नाहीतर एखाद्या खोडीवरून. मास्तर, खालच्या वाडीतले, तंबाखूवाले. पतसंस्थेच्या वहीत तंबाखूचा रकाना नव्हता.

वडील एस.टी.ने तालुक्याला गेले. तिथल्या माणसाने वहीत बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही ते नव्हे याला पुरावा काय?"

वडील परत आले ते काही न बोलता पडवीतल्या बाकावर बसले. आम्हाला वाटलं जप्ती होणार, आणि माझ्या धाकट्या बहिणीने शिवणयंत्र कपाटामागे लपवण्याची तयारी सुरू केली. पुढे मीही कचेऱ्यांचे बरेच उंबरे झिजवले, तेव्हा त्या प्रश्नाची खोली कळली. आपण कोण आहोत याचे हवे तितके दाखले मिळतात. आपण कोण नाही याचा दाखला तलाठ्याकडेही नसतो.

काकांना मात्र चेव चढला. त्यांनी अंगणात उभं राहून लखोबा लोखंडेची नक्कल सुरू केली. आचार्य अत्र्यांचं ते नाटक १९६२ साली आलं, फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर पाच सोंगं घेऊन उभे राहायचे, आणि "तो मी नव्हेच" हे तेव्हापासून मराठी माणसाच्या जिभेवर जाऊन बसलं. पण लखोबा खोटं बोलत होता. आमचे वडील खरं बोलत होते, आणि वाक्य तेच होतं. गंमत वाटायच्या ऐवजी वडिलांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं, तर शाळा सुटल्यावर पोट घट्ट धरून तरीत बसले आणि पलीकडच्या गावात त्या दुसऱ्याच्या घरी गेले. मला बरोबर घेतलं होतं. ओटीवर एक उंच, काळासावळा माणूस जाळं विणत बसला होता. आमच्या वडिलांनी आपलं नाव सांगितलं. त्या माणसाने हातातली सुई खाली ठेवली. बाजूच्या खोपीत गोणपाटाखाली ते इंजिन होतं. एका हंगामात बंद पडलेलं, दुरुस्तीला पैसे नाहीत, हप्ता कुठून भरणार. त्याच्या बायकोने आम्हाला गुळाचा चहा दिला आणि आत निघून गेली. वडिलांनी नोटीस खिशातून काढलीच नाही. पण त्याने ओळखलं.

"मास्तर," तो म्हणाला, "फाल्या मी येतंय तुमच्यावांगडा."

आणि आला. धुतलेला सदरा, काखेत रेशनकार्ड. पतसंस्थेत जाऊन म्हणाला, कर्जदार मी, ह्यांचो काय संबंध नाय. तर तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "तुम्ही तेच कशावरून?"

वडील ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबायचे, समोरच्याला हसून घेऊ द्यायचे. शेवटी एका कोऱ्या कागदावर जबाब लिहिला गेला. कर्जदार हे, ते नव्हेत. खाली कर्जदाराची सही, आणि साक्षीदार म्हणून वडिलांची. दोन सह्या, एकच नाव. एक मास्तरी वळणाची, दुसरी वाऱ्याने आडवी पडलेल्या भातासारखी. मग दोघे एस.टी. स्टँडवर भजी खायला गेले. पैसे कोणी द्यायचे यावर त्यांचं भांडण झालं, आणि त्या भांडणातून त्यांची आयुष्यभराची दोस्ती झाली. पोस्टमन त्यांच्या पत्रांची अदलाबदल करतच राहिला. लग्नपत्रिका, विम्याची पावती, एकदा तर त्यांच्या मुलाची मनिऑर्डर. दर पंधरवड्याला तरीवरून एखादं पाकीट इकडचं तिकडे जायचं, येताना बांगडे यायचे.

तो माणूस वडिलांच्या आधी गेला. पेपरात बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी सावंतवाडीहून वडिलांचे दोन जुने सहकारी पांढरे सदरे घालून आमच्या खळ्यात उभे. वडील पडवीत विडी ओढत होते. ते दोघे जागच्या जागी थिजले. वडील उठले, त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "बसा. तुम्ही आलात ते बरोबर घरी आलात. तो माझाच माणूस होता." आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं.

असा एक खराखुरा प्रसंग हिचकॉकने सिनेमात घेतला आहे. न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबात बास वाजवणारा मॅनी बॅलेस्ट्रेरो १९५३ च्या जानेवारीत विम्याच्या कचेरीत बायकोच्या पॉलिसीवर कर्ज मिळेल का ते विचारायला गेला, आणि तिथल्या बायकांना वाटलं हाच तो आपल्याला लुटून गेलेला. पोलिसांनी त्याच्याकडून दरोडेखोराची चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली. दरोडेखोराने 'ड्रॉवर' या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं. मॅनीनेही नेमकं तसंच चुकवलं. खरा चोर सापडून तो सुटला, पण तोवर त्याच्या बायकोचं मन ढळलं होतं. १९५६ च्या 'द राँग मॅन'मध्ये हेन्री फोंडा हे सगळं भोगतो. त्यात पाठलाग नाही, बंदुकांचा धुमाकूळ नाही. चुकलेल्या एका शब्दाने अंगावर काटा येतो. तोही विम्याचंच काम घेऊन निघालेला माणूस. आमच्या सिनेमावाल्यांनी विमा तेवढा उचलला असावा.

चहाचे कप गोळा होईपर्यंत लाईट आली. पुढचा भाग सुरू झाला.

आता खरा मारेकरी येऊन पोचतो. नायकाला आणि त्याला समोरासमोर उभं करतात आणि म्होरक्या त्या मुलीला विचारतो, यातला तुझा कोणता? दोघांचे चेहरे वेगळे, उंची वेगळी, आवाज वेगळा. तिने एकाबरोबर समुद्रावर दोन गाणी म्हटली आहेत. तरी ती गोंधळते. कॅमेरा तिच्याभोवती तीनदा फिरतो, ढोल वाजतात, आणि ती गोंधळलेलीच.

भाऊकाका उठून पान थुंकून आले. ते तरुणपणी दशावतारात काम करायचे, बहुतेक वेळा राणीचं. आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवळासमोर पेटाऱ्यातून सोंगं निघतात, पेटी, पखवाज आणि झांज सुरू होते, आणि पहाटे धयकालो होईपर्यंत आख्यान चालतं. लिहिलेली संहिता नसते. ज्याने त्याने आपापल्या अकलेने बोलायचं. त्यात एक हमखास जागा असते: राक्षस मायेने राजाचं रूप घेऊन दरबारात शिरतो. रंगमंच म्हणजे एक बाकडं. खरा राजा किडकिडीत आणि खोटा राजा दोनशे किलोचा पिंप असला तरी चालतं, मुकुट सारखा असला की पुरे. चार हजार माणसांना दिसतं कोण खरा, कोण खोटा. तरीही रात्री दोन वाजता पेंगणारी पोरं खडबडून जागी होतात. कारण आता राणी विचारणार असते.

"मी काय इचारलेलंय म्हायत हा?" भाऊकाका टीव्हीकडे पाठ करून म्हणाले. "एकदा माका काय सुचाक नाय. मगे म्हटलंय, महाराज, काल रात्री तुम्ही जेवता जेवता उठून गेलात, कित्याक?" राक्षस झालेला नट हुशार. त्याने राज्यकारभार, शत्रूची स्वारी, असं लांबलचक भाषण ठोकलं. खरा राजा मान खाली घालून म्हणाला, "आमटी खारट होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." त्या रात्री भाऊकाकांनी घुंगट तोंडावर ओढून घेतला, कारण त्यांना खरंच हुंदका आला होता. आणि मिशी फुटलेली दिसली असती ते वेगळंच.

त्या मुलीकडे विचारण्यासारखं असं काहीच नव्हतं. दोन तासांत त्या दोघांना कोणी एकत्र जेवूच दिलं नव्हतं.

मग शेवटाकडे तो प्रसंग आला, ज्यासाठी खरं तर आम्ही सगळे जमलो होतो. म्होरक्याचं काम करणारा मोठा नट. पोस्टरवर अर्धी जागा त्याच्या चेहऱ्याने खाल्लेली, पण प्रत्यक्षात तो आमच्याकडे होता अर्धा दिवस. सगळी वाक्यं त्याने छत्रीखाली, खुर्चीत बसून म्हटली. गुडघे दुखत होते म्हणे. उठायचं, जेटीवरून चालत जायचं आणि होडीत चढायचं, एवढं राहिलं. तो गेल्यावर त्यांनी त्याच्या अंगलटीचा माणूस हुडकला. सापडला आमचा दादा. दोन हजार रुपये, एक काळा कोट आणि तीन वेळा चालणं. कोट परत घेतला.

दादा बाराएक वर्षांपूर्वी खाडीत जाळं ओढताना पाकटाच्या काट्यावर पडला. डाव्या घोट्याखाली ती जखम महिनोन्महिने चिघळली. बरी झाली, पण तेव्हापासून त्याची डावी चप्पल जमिनीवरून पुरती उचलली जात नाही. लंगडतो असं नाही म्हणता येणार. नवख्याला कळणारही नाही. नुसता एक पट्टा घासल्याचा आवाज येतो, आणि वळताना डावा खांदा बोटभर खाली जातो.

पडद्यावर रात्र होती, म्हणजे दुपार निळी केलेली होती. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या दिसत होत्या. कोट घातलेली एक पाठ जेटीवरून चालत निघाली. ढोल, धूर, संथ गती. पायाचा आवाज त्यांनी स्टुडिओत घातलेला, बुटांचा, टाक टाक. दादाच्या पायात त्या दिवशी स्लिपर होती.

घरात कोणी बोलेना. दादा स्वतः माजघराच्या दाराला टेकून, जणू आपला काही संबंध नाही असा. त्याने घरी सांगितलं होतं की कुठल्या तरी प्रसंगात आपण आहोत. कुठल्या ते सांगितलं नव्हतं, लाजला असेल. वहिनी कप विसळायला म्हणून मागच्या दारी निघाल्या होत्या. जाता जाता त्यांची नजर टीव्हीवर गेली. आवाज बुटांचा, कोट परक्याचा, केस काळे केलेले, आणि ती पाठ म्हणजे अवघ्या देशाला ठाऊक असलेल्या एका नटाची पाठ म्हणून दाखवलेली.

"ह्ये आमचे," वहिनी म्हणाल्या. मोठ्याने नाही. कप हातात तसेच.

मग जवळ जाऊन टीव्हीपुढे वाकून बघितलं आणि दादाकडे वळून, जरा रागानेच, "पाय दुकत होतो त्या दिवशी? बोललास नाय तो."

दादा म्हणाला, "तिसऱ्यांदा चलवल्यानी, तेव्हा वायच."

पाठ होडीत चढली. पुढच्या फ्रेमला मोठ्या नटाचा चेहरा आला, खुर्चीतला, मागे भलतीच भरती. मग तो मेला, आणखी कोणी मेलं, नायक वाचला. तो पुन्हा विमा विकायला गेला की नाही ते सांगायला दिग्दर्शक विसरला. पोरांनी ओरडून सांगितलं म्हणून कोणी टीव्ही बंद केला नाही. नावं बघायची होती. काळ्या पडद्यावर नावं इतक्या वेगाने वर सरकत होती की भाच्याने रिमोट घेऊन दर दोन सेकंदांनी थांबवलं. चालक झाले, स्वयंपाकी झाले, जनरेटरवाला झाला. आम्ही सगळे एकेक ओळ बोटाने वाचत होतो. दादाचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदा बघितलं, तरी नव्हतं. अगदी शेवटी, संगीताचे हक्क वगैरे झाल्यावर, एक ओळ आली. भाच्याने वाचून दाखवली: विशेष आभार, गोव्याचे ग्रामस्थ.

पाऊस ओसरला होता. पागोळ्यांचा आवाज तेवढा.

"मेल्यांनी आभारय भलत्यांचेच मानल्यानी," भाऊकाका म्हणाले आणि छत्री शोधू लागले.

वहिनींनी भाच्याला जाऊ दिलं नाही. "ती जेटयेवरची चाल परत लाव रे," त्या म्हणाल्या. "आणि तो बुटाचो आवाज बंद कर."

त्याने आवाज बंद केला. दादा चुलीकडे लाकडं आणायला निघाला होता, माजघरातून पडवीत, पडवीतून मागच्या दारी, चपलेचा पट्टा घासत.